बाळाला वरचं अन्न कधी सुरू करायचं? 'सहावा लागला' आणि 'सहा पूर्ण झाले' यातला फरक समजून घ्या

"सहावा लागला ना? मग आता भात-वरण सुरू करा की!" लहान बाळ असलेल्या घरात हे वाक्य कधी ना कधी ऐकू येतंच. पण सहावा महिना लागणं आणि सहा महिने पूर्ण होणं, यात अख्ख्या एका महिन्याचा फरक आहे. १० जानेवारीला जन्मलेल्या बाळाला १० जूनला सहावा महिना लागतो. त्याचे सहा महिने पूर्ण होतात १० जुलैला. वरचं अन्न सुरू करायचं ते या दुसऱ्या तारखेला.

जागतिक आरोग्य संघटना आणि भारताचं आरोग्य मंत्रालय, दोघांचाही सल्ला हाच आहे. पहिले ६ महिने, म्हणजे १८० दिवस, फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नाही. डॉक्टरांनी दिलेली औषधं आणि व्हिटॅमिनचे थेंब मात्र चालतात. त्यानंतर वरचं अन्न, आणि सोबत किमान दोन वर्षांपर्यंत आईचं दूध.

मग घरात वेगवेगळे सल्ले का मिळतात?

कारण सल्लाच बदलला आहे. पूर्वी ४ ते ६ महिन्यांच्या दरम्यान वरचं अन्न सुरू करायला सांगितलं जायचं. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं '६ महिने पूर्ण' ही स्पष्ट शिफारस केली. त्यामुळे आजी "आम्ही तर चौथ्यालाच सुरू केलं होतं" म्हणत असेल, तर त्या काळी तिला तसंच सांगितलेलं असू शकतं.

दुसरं कारण उष्टावण. परंपरेनुसार मुलाचं उष्टावण सम महिन्यात (सहावा, आठवा) आणि मुलीचं विषम महिन्यात (पाचवा, सातवा) करतात. पाचवा लागला म्हणजे चारच महिने पूर्ण झालेले असतात. आठवा लागेपर्यंत सात महिने उलटलेले असतात. बाळाची भूक मात्र मुलगा-मुलगी पाहून ठरत नाही. मुहूर्त उशिराचा असेल, तर सहा महिने पूर्ण होताच घरी भरवायला सुरुवात करावी. विधी नंतर करता येतो.

लवकर सुरू केलं तर काय होतं?

पोट वरच्या अन्नानं भरलं की बाळ आईचं दूध कमी पितं. भांडी, पाणी, हात यांतून जंतू पोटात जाऊन जुलाब होण्याचा धोका वाढतो. मान नीट धरता येत नसेल, तर घास घशात अडकू शकतो.

आणि उशीर झाला तर?

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या शरीरात जन्मतः असलेला लोहाचा साठा साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधात लोह कमी असतं. म्हणून सहा महिन्यांनंतर ते अन्नातूनच मिळावं लागतं, नाहीतर ॲनिमिया होऊ शकतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) भारतात ६ ते ८ महिन्यांच्या बाळांपैकी फक्त ४५.९ टक्के बाळांना आईच्या दुधासोबत घन किंवा मऊ अन्न मिळत होतं. म्हणजे निम्म्याहून जास्त बाळांची सुरुवात वेळेवर झालेली नव्हती.

बाळ तयार आहे हे कसं ओळखायचं?

- आधार दिल्यावर बसतं आणि मान स्थिर धरतं.
- चमचा तोंडात घातल्यावर जिभेनं घास बाहेर ढकलत नाही, गिळतं.
- वस्तू बघून, हातात धरून तोंडाकडे नेतं.

रात्री रडणं किंवा मुठी चोखणं एवढ्यावरून बाळ तयार आहे असं समजू नये.

सहा महिन्यांआधीच कामावर जावं लागलं तर?

कायद्यानं पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे. पण त्यातले ८ आठवडे बाळंतपणाआधीच घेतले, तर बाळ साडेचार महिन्यांचं होण्याआधीच रजा संपते. अशा वेळी आईचं दूध काढून ठेवून वाटी-चमच्यानं पाजता येतं. बाटली टाळलेली बरी.

सुरुवात कशानं आणि किती?

मऊ वरण-भात, मुगाची खिचडी, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं, उकडलेलं रताळं, वरून थोडं तूप. सुरुवातीला दिवसातून दोन-तीनदा, दर वेळी दोन-तीन चमचे. मग हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत. घास चमच्यावर टिकेल इतका घट्ट हवा. नुसत्या वरणाच्या किंवा भाताच्या पाण्यानं पोट भरतं, पण पोषण फारसं मिळत नाही. डाळी, पालेभाज्या, आणि घरात चालत असेल तर अंडं, मासे, मटणही मऊ करून देता येतं.

एक वर्षापर्यंत मध देऊ नये, चाटवायलाही नाही. त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. मीठ-साखर टाळावी. अख्खे शेंगदाणे, द्राक्षं देऊ नयेत.

डॉक्टरांना कधी विचारायचं?

बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल, वजन वाढत नसेल किंवा गिळायला त्रास होत असेल, तर सुरुवात कधी करायची हे बालरोगतज्ज्ञांनाच विचारावं. अंगणवाडीत बाळाचं वजन करून तक्त्यावर नोंदवलं जातं, आणि ६ महिने ते ३ वर्षं वयाच्या बाळांसाठी घरपोच आहारही मिळतो. त्यासाठी सहा महिने पूर्ण होण्याआधीच बाळाचं नाव तिथे नोंदवून ठेवता येतं.