साधनचिकित्सेची परंपरा आणि माध्यम व माहिती साक्षरता

प्रस्तावना

'माहिती साक्षरता' ही संज्ञा पॉल झुरकोव्स्की यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत मांडली. युनेस्कोच्या १९८२ च्या ग्रुनवाल्ड जाहीरनाम्याने माध्यमशिक्षणाचा पुरस्कार केला. २०११ मध्ये युनेस्कोने शिक्षकांसाठी तयार केलेल्या अभ्यासक्रमात हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. संज्ञा नवी असली तरी समोर आलेल्या मजकुरावर कोणत्या आधारे विश्वास ठेवावा, हा तिच्या मुळाशी असलेला प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास अपरिचित नाही.

मराठी इतिहासलेखनातील साधनचिकित्सा

वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरींतील वृत्तांत समकालीन पत्रांशी ताडून त्यांतील उणिवा दाखविल्या. पत्र कोणी, कोणास, कोठून व केव्हा लिहिले, हे निश्चित झाल्याखेरीज त्यातील मजकूर प्रमाण मानावयाचा नाही, ही शिस्त मराठी संशोधनात रुजली. १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने या कार्यास संस्थात्मक आधार दिला.

डिजिटल काळातील आव्हान

भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या संदेशात लेखक, स्थळ व काळ बहुधा हरवलेले असतात. त्याचे परिणाम केवळ बौद्धिक नसतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांची हत्या केली.

मात्र साधनचिकित्सेची जुनी सवय येथे पुरेशी ठरतेच असे नाही. सॅम वाइनबर्ग व सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात दहा इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्यपडताळणीकार व स्टॅनफर्ड विद्यापीठातील पंचवीस विद्यार्थी यांची तुलना केली होती. अनेक इतिहासकारही संकेतस्थळाच्या अधिकृत भासणाऱ्या नावाने व मांडणीने फसले. तथ्यपडताळणीकारांनी मात्र ते पान लवकरच सोडून त्यामागील संस्थेविषयी इतरत्र काय नोंदले आहे, हे आधी पाहिले.

निष्कर्ष

दुर्मीळ कागद बारकाईने वाचणे हा इतिहासकाराचा गुण होय. परंतु मजकुराचा सुकाळ असताना वाचण्यापूर्वी उगम तपासणे अगत्याचे ठरते. राजवाड्यांची ताडून पाहण्याची दृष्टी कायम ठेवून हा क्रम बदलावा लागेल. त्यासाठी स्वतंत्र विषयाची वाट पाहण्याचे कारण नाही. बखर, समकालीन पत्र व प्रसारित संदेश यांची तुलना इतिहासाच्या तासिकेतच करता येईल. तथापि, हे कौशल्य प्रथम अध्यापकांनी आत्मसात करणे आवश्यक आहे.