काचपात्रातील शेवाळ आणि त्याचा बंदोबस्त

काचेच्या पात्रात सजीव पाणवनस्पती वाढविण्याचा जो छंद आज जगभर पसरला आहे, त्याच्या इतिहासात मासे आणि वनस्पती यांच्या जोडीने शेवाळही अगदी प्रारंभापासून वावरत आलेले आहे. या विषयावरील बहुतेक ग्रंथकारांनी त्याची गणना उपद्रवांत केली, आणि हा त्याच्यावर मोठाच अन्याय झाला असे मला वाटते. कारण या कलेला जेव्हा जेव्हा पुढचे पाऊल टाकावे लागले, तेव्हा तेव्हा पानांवर चढलेल्या हिरव्या लेपानेच ते टाकावयास भाग पाडले, असा जुन्या दफ्तराचा दाखला आहे.

जोसेफ प्रीस्टली या इंग्रज धर्मोपदेशकाने १७७१ साली मेणबत्तीच्या ज्वलनाने दूषित झालेली हवा पुदिन्याच्या रोपट्याने पुन्हा शुद्ध होते हे दाखविले. त्याच दशकाच्या अखेरीस, पाणी भरून ठेवलेल्या भांड्यांच्या भिंतींवर आपोआप धरणारा एक हिरवा थर उजेडात शुद्ध वायू सोडतो, असेही त्याला आढळले. मात्र तो थर म्हणजे वनस्पतीच होय, हे त्याला प्रथम पटले नव्हते. १७७९ मध्ये यान इंगेनहौझ या डच वैद्याने पाण्यात बुडविलेल्या पानांवर प्रयोग करून वनस्पतींचे हे कार्य सूर्यप्रकाशातच चालते आणि तेही केवळ त्यांच्या हिरव्या भागांतच, हे सिद्ध केले. पुढे ज्या दोन पक्षांत काचपात्रातील कलह माजावयाचा होता, ते दोन्ही एकाच प्रकाशाचे वाटेकरी आहेत, ही गोष्ट अशा रीतीने त्या पात्राच्या जन्माआधीच उघड झालेली होती.

काचपात्राचा खरा जन्म व्हावयास १८४९ साल उजाडले. लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या संस्थेत रसायनतज्ज्ञ म्हणून काम करणारा आणि तेथील केमिकल सोसायटीच्या १८४१ मधील संस्थापकांपैकी एक असलेला रॉबर्ट वॉरिंग्टन याने बारा गॅलनांचे एक काचेचे भांडे घेतले, त्यात वाळू व चिखल घालून झऱ्याचे पाणी निम्म्यापर्यंत भरले, आणि दोन लहान सोनेरी माशांच्या सोबतीला व्हॅलिस्नेरिया ही फितीसारख्या लांब पानांची पाणवनस्पती लावली. या कुळातील वनस्पती आपल्याकडील तळ्यांतही वाढतात. वनस्पतीने प्राणवायू द्यावा, माशांनी सोडलेला कर्बवायू वनस्पतीने घ्यावा आणि पाणी बदलण्याची गरज पडू नये, अशी वॉरिंग्टनची तजवीज होती. परंतु थोड्याच काळात व्हॅलिस्नेरियाची जुनी पाने कुजू लागली, त्यांवर व काचेवर बुळबुळीत हिरवा लेप चढला आणि पाणी गढूळ होऊन माशांच्या जिवावर बेतण्याची वेळ आली.

या ठिकाणी दुसरा कोणी असता तर त्याने भांडे घासून स्वच्छ केले असते आणि प्रयोग नव्याने मांडला असता. वॉरिंग्टनने मात्र निसर्गातील तळ्यांकडे पाहिले, तेथे हे कुजके द्रव्य कोण खातो याचा विचार केला आणि पाच-सहा पाणगोगलगायी आणून भांड्यात सोडल्या. त्यांनी सडकी पाने व लेप खाऊन टाकला, पाणी निवळले, वनस्पतीला नवी पालवी फुटली आणि गोगलगायींची अंडी व पिले माशांचे अन्न झाली. या निरीक्षणांचा वृत्तांत त्याने १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे सादर केला. प्राणी आणि वनस्पती यांच्या परस्परसंबंधांचे त्यातील विवेचन आजही वाचनीय आहे. परंतु मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की, समतोल काचपात्राची जी कल्पना पुढे इंग्लंडभर गाजली, तिच्यातील तिसरा आधार शेवाळामुळे सापडला. वनस्पती आणि मासे या दोघांवरच ती कल्पना उभी राहिली असती, तर ती पहिल्याच उन्हाळ्यात कोसळली असती.

काचेवरील अबकारी कर १८४५ मध्ये उठलेला असल्यामुळे काच स्वस्त झाली होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, आणि दुसऱ्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याच्या ग्रंथाने घरोघरी काचपात्रे पोचविली. लोकांनी ती हौसेने खिडकीत ठेवली, चारी बाजूंनी ऊन घेतले, आणि पाहता पाहता त्यांच्या काचा हिरव्या झाल्या. या अनुभवातून प्रकाशाचा बंदोबस्त हा विषय निघाला. तळ्यात प्रकाश वरून येतो, बाजूंनी येत नाही, हे ध्यानात घेऊन वॉरिंग्टनने पुढची काच सरळ आणि मागची बाजू पाटीच्या दगडाची व उतरती अशी टाकी तयार केली. वेल्समधील एडवर्ड एडवर्ड्सने तीत अंधाऱ्या कप्प्याची भर घातली. आणि हॅम्बुर्गचे मत्स्यालय उभारून १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मत्स्यालयाचा कारभार हाती घेणाऱ्या विल्यम ॲल्फर्ड लॉइडने जमिनीखाली प्रदर्शनाच्या टाक्यांहून कितीतरी मोठा अंधारा हौद बांधून सारे पाणी त्यातून अखंड फिरते ठेवले.

वॉरिंग्टनच्या घराण्याशी या विषयाचा संबंध एवढ्यावर संपत नाही, याचा मला विशेष आनंद वाटतो. त्याचा मुलगा, याचेही नाव रॉबर्टच, रॉथमस्टेडच्या शेतकी प्रयोगशाळेत जमिनीतील अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर कसे होते याचा अभ्यास करीत होता, आणि हे कार्य सूक्ष्म जीव दोन टप्प्यांत करतात हे त्याने दाखवून दिले. माशांच्या मलमूत्रापासून वनस्पतींचे व शेवाळाचे खाद्य तयार होते ते याच मार्गाने. बापाने ज्या भांड्यात शेवाळाशी झुंज घेतली, त्या भांड्यातील रसायनाची किल्ली मुलाने शेतात बसून शोधावी, हा शास्त्राच्या इतिहासातील एक हृद्य योग आहे.

विसाव्या शतकात विजेचे दिवे आले आणि उन्हावरील अवलंबन सुटले. जर्मन शौकिनांनी पाण्यात कर्बवायू मोजून सोडण्याची पद्धत रूढ केली. जपानमधील निगाता येथील छायाचित्रकार ताकाशी अमानो याने या छंदाला निसर्गचित्राची दृष्टी दिली आणि जपानी नद्यांतील एका लहान कोळंबीला पानांवरील शेवाळ खाण्याच्या कामावर तैनात केले. आज ती कोळंबी त्याच्याच नावाने ओळखली जाते.

खताचा प्रश्न मात्र अजून सुटावयाचा होता. लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या काळापासून शेतकऱ्यांना ठाऊक होते की, जे द्रव्य सर्वांत कमी असेल तेच पिकाची वाढ अडविते. १९९६ मध्ये पॉल सिअर्स व केव्हिन कॉनलिन यांनी या न्यायाचा आधार घेऊन असे मांडले की, फॉस्फेट तुटपुंजे ठेवावे आणि बाकीची द्रव्ये मुबलक द्यावीत, म्हणजे वनस्पती तगतील आणि शेवाळ उपाशी राहील. काही वर्षे हाच मार्ग प्रमाण मानला गेला. पुढे कॅलिफोर्नियातील टॉम बार याने भरपूर फॉस्फेट, नायट्रेट व कर्बवायू देऊन आणि दर आठवड्यास निम्मे पाणी बदलून टाक्या स्वच्छ राखून दाखविल्या. वनस्पती जोमात असल्या तर खताच्या विपुलतेने शेवाळ माजत नाही, हा त्याचा निष्कर्ष होता. याच्या अगदी उलट, डायना वॉलस्टॅड या अमेरिकन लेखिकेने १९९९ च्या आपल्या ग्रंथात मातीचा थर, मोजकेच मासे आणि हवेतून थेट कर्बवायू घेणाऱ्या तरंगत्या वनस्पती यांवर भर दिला, आणि तिच्याही टाक्या यशस्वी ठरल्या.

वरकरणी विरुद्ध दिसणाऱ्या या दोन मार्गांत एक तपशील समान आहे: दोघांच्याही टाकीत पहिल्या दिवसापासून झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पतींची दाट लावणी असते, म्हणजे शेवाळाने जम बसविण्याआधीच वनस्पती जोर धरतात. म्हणूनच आजचा जाणता शौकीन नव्या टाकीत दिवे सहा ते आठ तासांपलीकडे ठेवीत नाही, कर्बवायूचे प्रमाण दिवसभर स्थिर राखतो, कारण ते खालीवर झाले की पानांच्या कडांवर काळ्या झुपक्यांचे शेवाळ धरते. आणि ज्या जुन्या पानाला ते एकदा धरले ते घासत न बसता देठापासून कापून टाकतो.