यंत्रांच्या नावांचे दप्तर

रामवाडी हे नाव एकट्या रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यातही आढळते आणि रोहे तालुक्यातही. त्यांपैकी पेणची रामवाडी महामार्गालगतच्या एस.टी. स्थानकामुळे कोकणात जाणाऱ्या-येणाऱ्या बहुतेकांच्या परिचयाची आहे, आणि पुण्यात तर मार्च २०२४ पासून मेट्रोचे एक स्थानकही याच नावाने ओळखले जाते. रामाच्या नावाने वसलेल्या वाड्या महाराष्ट्रात इतक्या आहेत की नुसत्या नावावरून कोणत्याही तलाठ्याला सात-बाराचा उतारा काढून देता येणार नाही. त्याला मौजे, तालुका आणि जिल्हा ही तिन्ही अंगे लागतात, आणि तेवढ्यानेही निभावले नाही तर बुद्रुक आणि खुर्द, किंवा आमच्या कोकणात ‘तर्फ’ अमुक, अशी पुस्ती जोडावी लागते. शिवकालापासून पेशवाईपर्यंत आणि पुढे इंग्रजी अमदानीतील मोजणी व जमाबंदीच्या कामात ही पद्धत घोटून घोटून पक्की झाली, याचे कारण असे की ज्या नावावर सारा, वारसा आणि वहिवाट अवलंबून असतात, ते नाव संदिग्ध राहून चालत नाही.

नेमका हाच प्रश्न गेल्या तीस वर्षांत एका सर्वस्वी निराळ्या दप्तरात उपस्थित झाला. ते दप्तर लिनक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नेलचे होय. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली ज्याचा आरंभ केला, तो कर्नेल प्रारंभी एकाच जातीच्या वैयक्तिक संगणकासाठी लिहिलेला होता. या संगणकांचे एक वैशिष्ट्य असे की आपल्या पोटात कोणकोणते भाग बसविले आहेत, याची बरीचशी जबानी ते स्वतःच देतात. परंतु ‘आर्म’ जातीच्या प्रोसेसरांभोवती जे लहान बोर्ड घडविले जाऊ लागले, आणि जे आज भ्रमणध्वनीपासून वीजमीटरपर्यंत सर्वत्र बसलेले आहेत, ते बोर्ड याबाबतीत मुके असतात. कोणत्या तारेला कोणता दिवा जोडला आहे आणि स्मृती कोणत्या पत्त्यापासून सुरू होते, हे त्यांच्याकडून कळण्याची सोय नसते. ‘हा अमुक बोर्ड आहे’ एवढे बाहेरून सांगितले, तरच कर्नेलला पुढचे सर्व समजते. तेव्हा बोर्डाचे नाव ही त्याच्या अस्तित्वाचीच पूर्वअट ठरली.

आर्मवर लिनक्स आणण्याचे श्रेय रसेल किंग या इंग्रज अभियंत्याकडे जाते, आणि बोर्डांच्या नोंदीची वहीही त्यांनीच चालविली. प्रत्येक नव्या बोर्डाला या वहीत एक नाव आणि एक क्रमांक मिळे. पहिली नोंद ‘ईबीएसए११०’ या बोर्डाची असून तिचा क्रमांक शून्य आहे. त्यानंतर एकावर एकॉर्न कंपनीचा रिस्क-पीसी, पाचावर नेटवाइंडर, पंचविसावर इंटेलचा अॅसाबेट, अशा ओळी पडत गेल्या. बोर्डाला वीज मिळताच जो छोटा आज्ञासंच प्रथम चालतो, तो हा क्रमांक प्रोसेसरच्या एका ठराविक कप्प्यात ठेवून मगच कारभार कर्नेलच्या स्वाधीन करी. तो क्रमांक कर्नेलला ओळखीचा नसला, तर पडद्यावर यंत्राचा क्रमांक अपरिचित असल्याची सूचना उमटे, तिच्याखाली कर्नेलला ठाऊक असलेल्या यंत्रांची यादी येई, आणि यंत्र जागच्या जागी थांबे. ज्यांनी रात्र रात्र जागून नवा बोर्ड उभा केला आहे, त्यांना त्या यादीत आपले नाव नसण्याचे दुःख निराळे सांगावे लागत नाही. या वहीचा एक नियम मला विशेष विचारपूर्वक केलेला वाटतो: नोंदीला शेवटचा हात लागून बारा महिने लोटले आणि त्या बोर्डाचे काम मूळ कर्नेलमध्ये दाखल झाले नाही, तर ती ओळ कर्नेलसोबतच्या यादीतून वगळली जाई. नाव अडवून ठेवायचे आणि जमीन पडीक टाकायची, याला त्या दप्तरात मुभा नव्हती.

ही नावे कोठून आली, हा इतिहासही मोठा मनोहर आहे. अॅसाबेट ही अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील नदी. तिच्याच काठच्या हडसन गावी त्या बोर्डावरील प्रोसेसरच्या जातीचा कारखाना होता. त्या बोर्डाला जोडावयाच्या पूरक बोर्डाचे नाव नेपॉन्सेट, आणि तीही त्याच राज्यातील नदी. अभियंत्याने खिडकीबाहेर पाहावे आणि जे पाणी वाहताना दिसेल त्याचे नाव आपल्या कृतीला द्यावे, ही रीत मला अत्यंत स्वाभाविक वाटते. रोह्यात बसलेला माणूस कुंडलिकेचे नाव घेईल आणि नागोठण्याचा अंबेचे. पुढे २००८ साली अँड्रॉइडचा पहिला भ्रमणध्वनी एचटीसी ड्रीम या नावाने बाजारात आला, तेव्हा कर्नेलच्या दप्तरात मात्र त्याची नोंद ‘ट्राउट’ या माशाच्या नावाने झाली होती. आणि नोकियाचा एन९०० हा दप्तरात ‘आरएक्स-५१’ म्हणून दाखल झाला. कारण उघड आहे. विक्रीचे नाव दुकानदारीच्या सोयीने अगदी शेवटी ठरते, आणि कर्नेलचे काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते. म्हणून कामकऱ्यांनी आपसात वापरलेले नावच कायम होऊन बसते.

या वहीने तीन हजारांचा टप्पा सहज ओलांडला. रास्पबेरी पाय या लोकप्रिय बोर्डाच्या कुळाला मिळालेला क्रमांक ३१३८ हा होता. परंतु प्रत्येक क्रमांकामागे एकेका बोर्डाचे स्वतंत्र वर्णन कर्नेलच्या आतच लिहिले जात असल्याने पुनरुक्तीचा डोंगर साचला, आणि मार्च २०११ मध्ये खुद्द टोरवाल्ड्स यांनी आर्मच्या या अव्यवस्थेवर अत्यंत कडक शब्दांत आक्षेप घेतला. त्यानंतर जी सुधारणा झाली, तिला डिव्हाइस ट्री म्हणतात. तिचे मूळ १९९४ साली प्रमाणभूत झालेल्या ओपन फर्मवेअर या जुन्या योजनेत आहे. बोर्डाचे वर्णन आता कर्नेलच्या बाहेर, एका स्वतंत्र दस्तऐवजात लिहिले जाऊ लागले, आणि क्रमांकाच्या जागी पुन्हा नाव आले. मात्र या वेळी ते एकाकी नव्हते. आधी निर्मात्याचे नाव, मग स्वल्पविराम, मग बोर्डाचे नाव, अशी त्याची रचना ठरली. चौथ्या पिढीच्या रास्पबेरी पायच्या दस्तऐवजात पहिले नाव ‘रास्पबेरीपाय,४-मॉडेल-बी’ असे नेमके येते, आणि त्याच्यामागून त्यावरील चिपचे, ‘बीआरसीएम,बीसीएम२७११’, असे अधिक व्यापक नाव येते. विशिष्टाकडून सामान्याकडे जाणारी ही मांडणी आमच्या मौजे, तालुका, जिल्हा या क्रमाहून तत्त्वतः भिन्न नाही. निर्मात्यांच्या उपसर्गांची वेगळी नोंदवही ठेवलेली आहे, आणि संपूर्ण कुळाला एकाच मोघम नावाखाली घालण्यास, किंवा आकड्याच्या जागी नुसता ‘एक्स’ लिहिण्यास, तेथील तपासनीस साफ नकार देतात.

आणखी एक गोष्ट येथे विस्ताराने सांगितली पाहिजे. एकदा दिलेले नाव या दप्तरात बदलत नाही, कारण जगभर विखुरलेल्या यंत्रांत ते कोरले गेलेले असते. फ्रीस्केल ही कंपनी २०१५ च्या अखेरीस एनएक्सपी या कंपनीत विलीन झाली. तरी तिच्या आय.एमएक्स मालिकेत विलीनीकरणानंतर आलेल्या चिपांचीही नोंद ‘एफएसएल’ याच जुन्या उपसर्गाने होत राहिली. आमचा जिल्हा १ जानेवारी १९८१ रोजी कुलाब्याचा रायगड झाला, परंतु त्यापूर्वीच्या खरेदीखतांवरील ‘जिल्हा कुलाबा’ हा मजकूर कोणी खोडला नाही आणि खोडताही येणार नाही. जुन्या नावावर विसंबलेल्या माणसाचा हक्क नव्या नावाने बुडू नये, हा न्याय दोन्हीकडे सारखाच लागू आहे.

महाराष्ट्राने यंत्रांना नावे देण्याची स्वतःची परंपरा निर्माण केली आहे, आणि तिचा आरंभही एका कुलाब्यातच, मुंबईच्या कुलाब्यात, झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडविलेला संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला, आणि जानेवारी १९६२ मध्ये संस्थेच्या नव्या वास्तूच्या उद्घाटनप्रसंगी पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध केला. त्यानंतर परम पद्म, परम युवा, परम ब्रह्म अशी मालिका उभी राहिली. टाटा समूहाच्या पुण्यातील ‘एका’ या महासंगणकाने नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत चौथे स्थान मिळविले. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने आदित्य, प्रत्यूष, अर्क अशी सूर्याशी नाते सांगणारी नावे निवडली, आणि ज्या संस्थेला मान्सूनचा ठाव घ्यावयाचा आहे तिला ती शोभून दिसतात. मुंबईच्या आयआयटीने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या आपल्या प्रोसेसरला ‘अजित’ हे सुटसुटीत नाव दिले.

या नावांबद्दल मला मनापासून अभिमान वाटतो. तथापि ही बहुतांशी समारंभाची नावे आहेत, दप्तराची नव्हेत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ‘परम’ मालिकेत कुलनाम आणि व्यक्तिनाम अशी दुहेरी योजना असल्याने तिने पुष्कळसा घोटाळा टाळला. तरीही सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रास अर्पण केलेले ‘परम रुद्र’ एक नसून तीन आहेत, पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे एकेक, आणि ज्या सर्व्हरांवर ते उभे आहेत त्यांचेही नाव रुद्रच आहे. ‘शक्ती’ म्हणावे तर खरगपूरचा महासंगणकही शक्ती आणि मद्रासच्या आयआयटीचा प्रोसेसरही शक्ती. भाविकतेने ठेवलेल्या नावांचे भांडार मर्यादित असते आणि ठेवणारे पुष्कळ असतात, त्यामुळे अशी पुनरावृत्ती होणारच; तिच्यावरचा उपाय नाव बदलणे हा नसून नावाला त्याचे गाव जोडणे हा आहे.

म्हणून पुण्या-मुंबईतील आणि उद्या कदाचित पेण-रोह्यातील ज्या अभियंत्यांच्या हातून पुढचे देशी बोर्ड घडतील, त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की त्यांनी नावाचे काम उद्घाटनाच्या आदल्या दिवसावर टाकू नये. निर्माता म्हणून आपल्या संस्थेचा उपसर्ग कर्नेलच्या वहीत आधी नोंदवावा, बोर्डाच्या प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र आणि पूर्ण नाव द्यावे, आणि मग त्या नावात नदी आणावी, सूर्य आणावा किंवा देव आणावा, त्याला कोणाचीच हरकत असणार नाही.