उपाहारगृहाचा उंबरठा

श्रोतेहो, विरारच्या स्थानकाबाहेर एखादे नवे उपाहारगृह उघडले की पहिल्या आठवड्यात त्याची जी परीक्षा होते, ती आपण सर्वांनी पाहिलेली आहे. कोणी म्हणतो, मासळीच्या कालवणात आंबट कमी पडले; कोणी म्हणतो, दर फार चढे आहेत; एखादी गृहिणी घरी परतल्यावर भाकरीच्या जाडीविषयी आपला अभिप्राय देते. गिऱ्हाइकांच्या या साऱ्या टीकेत एक प्रश्न मात्र सहसा ऐकू येत नाही. चुलीपाशी कोण उभा होता आणि शेजारच्या टेबलावर कोण बसला होता, हे कोणी विचारीत नाही. निदान मोठ्याने विचारीत नाही. हे मौन आज आपल्याला इतके स्वाभाविक वाटते की, ते साधण्याकरिता शंभराहून अधिक वर्षे खर्ची पडली याचा आपल्याला विसर पडतो. त्या वर्षांची हकीकत आज थोडक्यात सांगावयाची आहे.

आरंभ आपल्या वसई प्रांतापासूनच करू. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेईपर्यंत सुमारे दोनशे वर्षे येथे पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या काळाविषयी या भागात एक दंतकथा अजून सांगतात. विहिरीत पावाचा तुकडा टाकावा, गावाने नकळत ते पाणी प्यावे, आणि तेवढ्यावरून सारा गाव बाटला असे ठरावे. धर्मांतराचा खरा इतिहास पुष्कळच गुंतागुंतीचा आहे. तो एका पावाच्या तुकड्यात मावणारा नाही. परंतु दंतकथा खोटी असली तरी तिच्यामागील समजूत खरी होती. मनुष्य काय मानतो यापेक्षा तो कोणाच्या हातचे खातो यावरून त्याची जागा ठरत असे. पाव कोणी टाकला याचा राग पुष्कळांना आला. पावाने माणूस बाटतोच कसा, हा प्रश्न विचारावयास फार काळ लोटावा लागला.

तो प्रश्न मुंबईतील काही सुशिक्षित तरुणांनी 1849 साली विचारला, पण दार लावून घेऊन. दादोबा पांडुरंग यांच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश करणाऱ्या सभासदास जातिबंधन तोडल्याची खूण म्हणून पाव खावा लागे. बाहेर मात्र याची वाच्यता होऊ द्यावयाची नाही, असा संकेत होता. 1860 च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली, नावे बाहेर फुटण्याचे भय निर्माण झाले आणि सभा मोडली. विचार पुढे गेला होता, पण घास उघडपणे गिळण्याचे धैर्य अजून आले नव्हते.

पुढे तीस वर्षांनी पुण्यात काय झाले ते प्रसिद्धच आहे. 14 ऑक्टोबर 1890 रोजी पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली. तेथे चहाबिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेल्यास नुसता हात लावून तो बाजूस ठेविला. डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापविली आणि मोठे ग्रामण्य उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. लोकमान्य टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्या सुधारकाग्रणीनेही 1892 साली प्रायश्चित्त घेतले. ज्यांच्या शब्दाला सरकारदरबारी वजन होते, त्यांना एका चहाच्या पेल्याचा हिशेब द्यावा लागला. मग सामान्य मनुष्याची काय कथा?

इकडे रुळांवरून मात्र नवे युग धावू लागले होते. 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली स्थानिक गाडी सुटली. डब्यात मांडीला मांडी लागे, त्यास इलाज नव्हता. तरीही फलाटावर हिंदू चहा निराळा आणि मुसलमान चहा निराळा असे. पाण्याचीही तीच गोष्ट. शहरात नोकरीकरिता आलेल्या एकट्या पुरुषांसाठी खानावळी निघाल्या, पण पुष्कळ खानावळी जातीजातींच्या, किंवा एकाच मुलखाच्या लोकांच्या होत्या. गाव सुटला, शेत सुटले, पण पंगत काही सुटली नाही. अस्पृश्य मानलेल्या मनुष्याला अनेक चहाच्या दुकानांबाहेर उभे राहून, वेगळ्या ठेवलेल्या पेल्यात वरून ओतलेला चहा प्यावा लागे, आणि तो पेला स्वतःच विसळून ठेवावा लागे. पैसा त्याचा चालत असे. स्पर्श चालत नसे.

आता कोल्हापुरास जाऊ. कारण येथवर जो प्रश्न होता तो दुकानात कोणास घ्यावयाचे हा. कोल्हापुरात तो उलटा झाला. दुकानच अस्पृश्याचे असेल, तर त्यात कोण जाणार?

गंगाराम कांबळे हे राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत नोकरीस होते. महाराज बाहेरगावी असता, सवर्णांसाठी राखून ठेवलेल्या पाण्याच्या हौदाला शिवल्याच्या कारणावरून तेथील इतर नोकरांनी त्यांना निर्दयपणे मारले. महाराज परत आल्यावर गंगाराम त्यांच्यापुढे गेले आणि पाठीवरचे वळ दाखविले. महाराजांनी अपराध्यांना कडक शासन केले. पण एवढ्यावर ते थांबले नाहीत. नोकरी सोडून स्वतंत्र धंदा काढ, असा सल्ला त्यांनी गंगारामांना दिला आणि भांडवलही पुरविले. त्यातून भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ नावाचे चहाचे हॉटेल उघडले गेले.

दुकान स्वच्छ होते, चहा चांगला होता, जागा भर वस्तीतली होती. गिऱ्हाईक मात्र फिरकेना. शहरात कुजबूज झाली की हे महाराचे हॉटेल आहे, आणि सवर्ण माणसे त्यासमोरून निघून जाऊ लागली. कोणी दगड मारला नाही, कोणी भांडण काढले नाही. नुसते कोणी आत आले नाही. दुकानदाराला याहून क्रूर शिक्षा दुसरी नाही. मारहाणीची तक्रार महाराजांकडे नेता आली होती. न आलेल्या गिऱ्हाइकाची तक्रार कोणाकडे न्यावी?

शाहू महाराज राजे होते. फर्मान काढावयाचे त्यांनी मनात आणले असते तर त्यांना अडविणारे कोणी नव्हते. 1902 साली संस्थानातील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवणारा आणि 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करणारा हा राजा होता. परंतु येथे त्यांनी हुकूम सोडला नाही. ते स्वतः गिऱ्हाईक झाले. फिरावयास निघाले की त्यांची गाडी ‘सत्यसुधारक’पुढे थांबे, महाराज गंगारामांना हाक मारून चहा मागवीत, भर रस्त्यात तो पीत आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजीत. कामासाठी सहीला आलेल्या माणसांनासुद्धा आधी गंगारामाकडचा चहा घेण्यास ते सांगत, अशी आठवण सांगितली जाते. पुढे सोडावॉटरचे यंत्रही त्यांनी गंगारामांना घेऊन दिले.

बरोबरच्या त्या मंडळींच्या मनाची कल्पना करून पाहावी. पुढे राजा, हातात पेला, आणि सभोवती पाहणारा बाजार. पहिला घोट त्यांनी संकोचाने घेतला असेल. परंतु ज्या चहाने पुण्यात ग्रामण्य उठविले तोच चहा येथे उघड्यावर, दिवसाढवळ्या प्याला जात होता. आणि प्यालेला मनुष्य दुसऱ्या दिवशीही पूर्वीसारखाच हिंडताफिरता होता. बाटण्याच्या भयाला याहून चांगले उत्तर कोणते? महाराज 6 मे 1922 रोजी वारले. पुढे कोल्हापुरात त्यांचे पहिले स्मारक उभारण्यात ज्या दलित मंडळींनी पुढाकार घेतला, त्यांत हे चहाविक्रेते गंगाराम कांबळे अग्रभागी होते.

याच धाग्यातील दुसरा प्रयोग रत्नागिरीचा. तेथे स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी 1 मे 1933 रोजी ‘अखिल हिंदू उपाहारगृह’ सुरू करविले. तेथे पदार्थ वाढण्याच्या कामावर महार समाजातील मनुष्य नेमला होता. सावरकरांना भेटावयास येणाऱ्याने प्रथम तेथे चहा घ्यावा, असा त्यांचा आग्रह असे. त्या प्रयोगाची मर्यादा त्याच्या नावातच दिसते, ती इतिहासाने नोंदवावी. पण तोही गिऱ्हाइकाची कसोटी पाहणारा होता, हेही नोंदवावे.

पुढे कायदा आला. 26 जानेवारी 1950 रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत जातीच्या कारणावरून कोणासही मज्जाव करता येणार नाही, असे पंधराव्या अनुच्छेदात स्पष्ट लिहिले. 1955 च्या कायद्याने त्यास शिक्षेची जोड दिली. डॉ. आंबेडकरांच्या लढ्याचे हे फळ अमोल आहे. पण कायद्याची धाव कोठवर आहे हेही पाहिले पाहिजे. दुकानदाराला तो सांगू शकतो की, आलेल्या माणसाला हाकलू नको. गिऱ्हाइकाला मात्र तो सांगू शकत नाही की, या दुकानात जा. गंगाराम कांबळ्यांचे दुःख कायद्याच्या कक्षेबाहेरचे होते. ते दूर करणे गिऱ्हाइकाच्याच हाती होते, आणि आजही आहे.

हा अनुभव केवळ आपलाच नव्हे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या उपाहारगृहात बसण्याची बंदी होती. 1 फेब्रुवारी 1960 रोजी ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी एका दुकानातील फराळाच्या टेबलाशी जाऊन बसले, आणि मागितलेली कॉफी मिळेना तरी उठले नाहीत. त्या बैठकीने सारा देश हलला. 1964 च्या कायद्याने ती दारे उघडली. त्याच काळात कृष्णवर्णीयांची स्वतःची भोजनगृहेही नांदत होती. अटलांटा शहरात पास्कल बंधूंनी 1947 साली काढलेल्या भोजनगृहात मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांचे सहकारी चळवळीचे बेत ठरवीत. तेथील जेवणाला पुढे ‘सोल फूड’, म्हणजे जिवाभावाचे अन्न, असे नाव पडले. गुलामगिरीत वाट्यास आलेली कोंड्यामांड्याची सामग्री, पालेभाजी, मक्याची भाकरी, धन्याने टाकून दिलेले डुकराचे अवयव, यांतून त्या मायमाउल्यांनी ही पाककला उभी केली. ज्या अन्नाची एकेकाळी लाज वाटावयास लावली गेली, ते आज नाव लावून, पाटी लावून विकले जाते, आणि सर्व वर्णांचे लोक रांग लावून खातात.

आपल्याकडे असे जिवाभावाचे अन्न नाही काय? आहे. शाहू पाटोळे यांनी 2015 साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या ग्रंथात मराठवाड्यातील महार-मांग समाजांच्या स्वयंपाकाची नोंद केली. वजडी, रक्ती आणि वाळवून राखलेल्या मांसाच्या चान्या यांना प्रथमच एवढ्या विस्ताराने ग्रंथात मान मिळाला. आमच्या पाकपुस्तकांनी ज्या चुलींकडे पाहिलेच नाही, त्या चुलींचा हा इतिहास आहे.

विरारमध्ये आज कोकणातील मालवणी जेवण मिळते, आगरी मिळते, घाटावरचे मिळते, दूरदूरच्या प्रांतांचेही मिळते. प्रत्येक पाटीवर मालकाने आपल्या मुलखाचे नाव अभिमानाने लिहिलेले असते. उद्या एखाद्या तरुणाने त्याच रांगेत आपल्या आजीच्या हातची वजडी आणि भाकरी विकावयास काढली, आणि ती कोणत्या वस्तीतून आली हे पाटीवर न लपविता लिहिले, तर त्या दुकानाला पहिल्या आठवड्यात कसे अनुभव येतील? त्याच्या दारावरून जाताना आपली पावले मंदावतील की भरभर पडतील?

श्रोतेहो, वजडी आवडलीच पाहिजे असा आग्रह नाही. तिच्यात मीठ कमी असेल तर तसे जरूर सांगावे. दर चढा असेल तर घासाघीसही करावी. चविष्ट नसेल तर पुन्हा जाऊ नये. बाकीच्या दुकानांशी आपण असेच वागतो, आणि तेच वागणे गंगाराम कांबळ्यांना हवे होते. महाराजांना त्यासाठी गाडी थांबवावी लागली. आपल्याला स्थानकातून घरी जाताना चार पावले वळावयाची आहेत.