रंग गेला, पण कुठे?

आजची गोष्ट नाशिकच्या कचऱ्याची, पण सुरुवात रशियात.

साल 1785. सेंट पीटर्सबर्गचा टोबियास लोविट्झ औषधाच्या दुकानात टार्टारिक आम्लाचे स्फटिक करत होता. म्हणजे आपल्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षांना आंबटपणा देणारं तेच आम्ल. द्रावण तपकिरी व्हायचं. कोळशाची पूड घातली, आणि रंग गायब! पुढे साखर कारखान्यांनी ही युक्ती उचलली. 1918 मध्ये तर अमेरिकेत लोकांकडून पीचच्या बिया नि अक्रोडाची टरफलं गोळा केली गेली, सैनिकांच्या गॅस मास्कमधल्या कोळशासाठी. त्यामुळे कुणी 'नवा शोध' म्हणालं की मला जरा हसू येतं.

आता रंगाकडे. 1856 मध्ये 18 वर्षांच्या विल्यम पर्किनने कृत्रिम जांभळा रंग बनवला. त्याआधी नीळ होती, मंजिष्ठा होती. पुढे कारखान्यातले रंग आले. त्यातले बरेचसे कापडावर टिकतात, तसे पाण्यातही टिकतात.

आपल्या जिल्ह्यात येवल्याच्या पैठणीचं रेशीम आहे, आणि त्याच जिल्ह्यात उसाची चिपाडं, वाईनरीतला द्राक्षांचा चोथा, लासलगावच्या कांद्याची टरफलं. जोडी जमली ना? (कांद्याचं टरफल मात्र स्वतःच रंग सोडतो बरं का, आधी चांगलं धुवावं लागतं.)

पण खरी गोम इथे आहे. प्रयोगशाळेत बऱ्याचदा मिथिलीन ब्लू वापरतात. त्याच्या कणांवर धन भार, चिपाडाच्या पृष्ठभागावर बहुधा ऋण भार, त्यामुळे तो पटकन चिकटतो. रेशमाला लागणारे अ‍ॅसिड डाय उलटे, ऋण भाराचे. साध्या पाण्यात चिपाड त्यांना दूर ढकलतं. म्हणून निळं पाणी नितळ झाल्याचा व्हिडिओ पाहून येवल्याचा प्रश्न सुटला असं समजू नका.

पाणी आंबट केलं तर चिपाडाचा ऋण भार कमी होतो आणि हे रंगही धरले जातात. गंमत म्हणजे, रेशीम रंगवायची कढई आंबटच असते! म्हणजे कढईतल्या उरलेल्या पाण्यावर करून बघण्यासारखं आहे. नंतर लडी धुतलेलं पाणी तितकं आंबट नसतं, तिथे वेगळा उपाय लागेल.

आणि रंग पिऊन बसलेलं ते ओलं चिपाड? रंग नाहीसा झालेला नसतो, फक्त पाण्यातून पोत्यात आलेला असतो. ते पोतं शेताच्या बांधावर टाकलं, की पहिल्या पावसात रंग पुन्हा ओढ्यात.