विमान चालवायला वय किती लागतं? १६, १७ की १८? पैसे भरण्याआधी तीन परवान्यांतला फरक समजून घ्या

दहावी-बारावीचे निकाल लागले की गावोगावी मोबाईलवर जाहिराती फिरायला लागतात : "दहावीनंतर पायलट व्हा." जाहिरात पूर्ण खोटी नसते, पण अर्धीच असते. दहावी पास पोराला विमान चालवायचा परवाना मिळू शकतो, हे खरं. पण त्या परवान्यावर नोकरी लागत नाही, हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं. वावर गहाण टाकून फी भरल्यावर हे कळलं तर उपयोग काय?

आपल्या देशात वैमानिकांचे परवाने नागरी विमान वाहतूक महासंचालनालय म्हणजे 'डीजीसीए' देतं. गंमत अशी की चारचाकीचं लायसन १८ वर्षांशिवाय मिळत नाही, पण विमानाचा खासगी परवाना १७ व्या वर्षी मिळतो. हा १७ चा आकडा आपल्याकडचाच नाही, आंतरराष्ट्रीय नियमही तोच आहे.

कोणत्या परवान्याला किती वय?

१) विद्यार्थी वैमानिक परवाना (एसपीएल) : वय किमान १६ वर्षे, शिक्षण दहावी पास. हा शिकाऊ परवाना. यावर शिक्षकासोबत विमान चालवता येतं आणि शिक्षकाने परवानगी दिली की त्याच्या देखरेखीखाली एकट्यालाही उडता येतं. प्रवासी मात्र बसवता येत नाही.

२) खासगी वैमानिक परवाना (पीपीएल) : वय किमान १७ वर्षे, शिक्षण दहावी पास. किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले काही तास एकट्याने उडावं लागतं आणि दुसऱ्या विमानतळापर्यंत जाऊन यावं लागतं. लेखी परीक्षा आणि उड्डाणाची चाचणी वेगळी. हा परवाना हौशीसाठी आहे. घरच्यांना, मित्रांना सोबत नेता येतं, पण त्याचा पगार किंवा भाडं घेता येत नाही.

३) व्यावसायिक वैमानिक परवाना (सीपीएल) : वय किमान १८ वर्षे, उड्डाण किमान २०० तास. आतापर्यंतच्या नियमाप्रमाणे बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स लागतं. नोकरी करायची तर हाच परवाना हवा. खर्च मोठा, ४०-५० लाखांच्या घरात जातो.

मोठ्या विमान कंपनीत कॅप्टन व्हायचं तर त्याच्याही वरचा परवाना असतो. त्याला वय २१ आणि १५०० तास लागतात.

म्हणजे १६ व्या वर्षी शिकायला सुरुवात केली तर ते तास वाया जात नाहीत, पुढच्या परवान्यासाठी धरले जातात. पण १७ पूर्ण झाल्याशिवाय खासगी परवाना हातात पडत नाही.

आधी डॉक्टर, मग फी

वयापेक्षा जास्त मुलं अडकतात ती वैद्यकीय तपासणीत. विद्यार्थी आणि खासगी परवान्याला 'क्लास टू' तपासणी लागते, व्यावसायिकला त्याहून कडक 'क्लास वन'. ही तपासणी डीजीसीएने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडूनच करावी लागते. गावच्या दवाखान्याचा दाखला चालत नाही. चष्मा आहे म्हणून लगेच नापास करत नाहीत. नंबर लावून नजर नीट येते का, हे बघतात. लाल-हिरवा रंग ओळखण्यात गडबड असेल तर मात्र मोठी अडचण येते. त्यामुळे पहिला खर्च तपासणीचा करावा, फीचा नंतर.

जन्मतारीख जुळवून ठेवा

खेड्यात शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून तारीख टाकून दिल्याची उदाहरणं घरोघर आहेत. इथे वय धरलं जातं ते कागदावरचं. दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि जन्मदाखला यांत नाव किंवा तारीख वेगळी असेल तर अर्ज अडकू शकतो. दुरुस्ती आधीच करून घ्यावी.

संस्था निवडताना

आपल्या राज्यात बारामती, गोंदिया, धुळे, शिरपूर, जळगाव या भागांत विमान प्रशिक्षण चालतं. मान्यताप्राप्त संस्थांची यादी डीजीसीएच्या वेबसाईटवर असते. तिथे नाव नसेल तर तिथल्या उड्डाणाचे तास परवान्याला धरले जाणार नाहीत. शहरातले काही क्लास फक्त लेखी परीक्षेची तयारी करून घेतात, काही एअरपोर्टवरच्या नोकऱ्यांचा डिप्लोमा देतात. दोन्हींतून वैमानिकाचा परवाना मिळत नाही. "कोणता परवाना मिळणार, किती तास उडवणार, तास अपुरे राहिले तर पैशाचं काय," हे लेखी घ्यावं.

ड्रोनचं वेगळं

फवारणीचा ड्रोन चालवायला वरचा कोणताही परवाना लागत नाही. त्याला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं : वय १८ ते ६५, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण. याचा खर्च विमानाच्या मानाने फार कमी आहे.

पोराला आकाशाची ओढ असेल तर ती मोडू नये. पण १६ व्या वर्षी घाई करून कर्ज काढण्यापेक्षा बारावी पूर्ण होऊ द्यावी आणि तोवर तपासणी आणि कागदपत्रं उरकून घ्यावीत. वय काय, दरवर्षी एकाने वाढतंच. विकलेलं वावर परत येत नाही.