पांढऱ्या कोटाची भीती

अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, हे आपण कुणाला सांगत नाही. बाईच्या जातीला हे असायचंच, असं सासू म्हणते. तिलाही तिच्या सासूनं तेच सांगितलेलं असतं.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला. त्याआधी अशी तपासणी झालेल्या शंभरात जेमतेम ८. हा अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या साप्ताहिकात छापून आला. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच धरलं जाई.

पण मला जास्त मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. दवाखान्यात का येत नाही, असं त्यांनी आदिवासींनाच विचारलं. लोक म्हणाले, डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात, आम्ही तर मढ्याला पांढरं गुंडाळतो! शिवाय मोठ्या इमारतीत जीव घाबरतो, घरच्यांना रोग्याजवळ राहू देत नाहीत. मग शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांसारखा बांधला, नातेवाइकांना सोबत राहायची सोय केली आणि दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यानं असं आपल्याला कधी विचारलंय का?

राणीताई गावच्या सुईणींना शिकवायच्या, तशा त्यांच्याकडून शिकायच्याही. पुढे तरुण पोरापोरींसाठी 'तारुण्यभान' शिबिरं सुरू झाली. पाळी, शरीर, स्त्री-पुरुष संबंध, सगळं तिथं मोकळेपणानं बोललं जातं.